राहिलेला दीड मिलिमीटर

जबाब
दिनांक ०८/०२/२०२५, शनिवार. सुरू केल्याची वेळ सकाळी ०९.५२ वा.

माझे नाव हरिहर गजानन सोहोनी, वय ६२ वर्षे, धंदा गाडीदुरुस्ती, त्याआधी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला चौतीस वर्षे नोकरी, राहणार चिंचवड गावठाण.

मला कोणी बोलावलेले नाही. मी व माझा भागीदार अजिंक्य येळवंडे, वय २९, राहणार चाकण, असे दोघे आपण होऊन ठाण्यात आलो आहोत आणि मी समक्ष सांगतो की,

एक गाडी थांबवायची आहे. बबनराव शेवकरी, राहणार चाकण, यांची हिरव्या रंगाची, कापडी टपाची फोर बाय फोर जीप आत्ता, आपण इथे बसलो आहोत तेव्हा, राजगुरुनगरच्या पुढे घाटाकडे चालली आहे. गाडीत तीन माणसे आहेत. स्वतः बबनराव, वय ५३, त्यांच्या आई शालनबाई, वय ७६, आणि मुलगी सायली, वय २४. गाडीचा नंबर अजिंक्यने कागदावर लिहून दिला आहे. ही गाडी माझ्या हातून अर्धवट दुरुस्त झालेली आहे. सरळ रस्त्याला ती चांगली चालेल. घाटात तापल्यावर मात्र वळणावर ती वळणार नाही, सरळ जाईल. ती घाट चढायच्या आत थांबवा, मग माझे काय करायचे ते करा, असे मी आल्या आल्या सांगितले.

हवालदार नेहा मॅडम यांनी आधी वायरलेसवर निरोप दिला आणि मग माझे नाव विचारले, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. घाट दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे निरोप तिकडे जाऊन मग पायथ्याच्या दूरक्षेत्राला, म्हणजे तिथल्या चौकीला, मिळणार आहे. आम्ही मागून का गेलो नाही असे विचारले. फोन लावण्यात वेळ गेला, तोवर ते लोक तासभर पुढे गेले होते. आम्ही राजगुरुनगरच्या गर्दीत हॉर्न वाजवत बसलो असतो आणि ते घाटात पोचले असते. गाडी का अडवली हे वरचे साहेब विचारतील, तेव्हा काय झाले ते सगळे सांगा, असे मॅडम म्हणाल्या. म्हणून सांगतो. माझे अर्धे लक्ष वायरलेसकडे आहे. मागेपुढे झाल्यास सांभाळून घ्यावे.

आमचे वर्कशॉप चाकण–तळेगाव रस्त्याला, अजिंक्यच्या वडिलांच्या जागेत, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. जागा त्याची, हात माझे, असे आमचे चालते. डोंगरात, चिखलात चालवायच्या गाड्यांचे काम आम्ही करतो. बबनराव सुट्टीच्या दिवशी चिखलात गाडी घालणाऱ्यांपैकी आहेत. त्यासाठी त्यांनी मागच्या एक्सलला ऑइलच्या प्रेशरवर चालणारा लॉक बसवून घेतलेला आहे.

लॉक म्हणजे काय असे मॅडमनी विचारले. गाडी वळते तेव्हा आतले चाक कमी फिरते, बाहेरचे जास्त फिरते. ते वेगवेगळे फिरू देणे हे डिफरन्शियलचे काम. पण चिखलात एक चाक अधांतरी राहिले की सगळा जोर त्यातच जातो, ते नुसते गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारचा लिव्हर ओढायचा. लिव्हर पंप दाबतो, ऑइल पाइपातून मागे जाते, लॉक लागतो आणि दोन्ही चाके एका दांडक्यात बसवल्यासारखी सारखीच फिरतात. चिखलात हे उत्तम. डांबरावर वळताना मात्र हे मरण आहे, कारण गाडी वळायला तयारच होत नाही.

गाडी बुधवारी आमच्याकडे आली. तक्रार अशी की लिव्हर ओढला तरी लॉक लागत नाही, लिव्हर मऊ लागतो. लिव्हर मऊ म्हणजे ऑइलमध्ये हवा, हे कोणीही सांगेल. पण हवा येते कुठून हे शोधावे लागते. हवा काढली की दोन तास बरे, पुन्हा मऊ. गुरुवारी मी पाइप वरपासून खालपर्यंत कोरडा पुसला, त्यावर टाल्कम पावडर मारली आणि अजिंक्यला लिव्हर धरून बसवले. वीस मिनिटांनी पंपाच्या तोंडाशी पावडर ओली झाली. सील गेलेले होते. शुक्रवारी नवीन सील टाकले, ऑइल भरले, हवा काढली, लॉक लागू लागला. इतपत काम मी झकास केले. यात माझी चूक कोणी काढून दाखवावी.

पुढचे नीट लिहून घ्यावे. पंपाला एक दांडी असते, लिव्हर ओढला की ती पंपाच्या आत जाते. दांडी आणि पंप यांच्यात दीड मिलिमीटरचा प्ले, म्हणजे मोकळी जागा, ठेवावीच लागते. लिव्हर सोडला की दांडी मागे येते, पंपातले एक बारीक भोक उघडे पडते आणि ऑइल टाकीत परत जाते. प्ले नसेल तर भोक झाकलेलेच राहते. गार असताना काही कळत नाही. पण या गाडीत ऑइलचा पाइप सायलेन्सरजवळून नेलेला आहे. चाळीस-पन्नास किलोमीटर चालली, त्यात चढ लागला, की पाइप तापतो, ऑइल फुगते, त्याला परत जायला वाट नसते, आणि लिव्हरला हातही न लावता लॉक आपोआप लागतो. डॅशबोर्डवरचा दिवासुद्धा पेटत नाही, कारण तो लिव्हरवर चालतो, लॉकवर नाही. सरळ रस्त्याला ड्रायव्हरला काही समजत नाही. समजते ते वळणावर.

हवा पूर्ण गेली की नाही बघण्यासाठी मी दांडी पूर्ण पुढे घेतो, प्ले शून्य करतो आणि रात्रभर तशीच ठेवतो. सकाळी प्रेशर टिकलेले दिसले की दांडी दीड आटा, म्हणजे दीड फेरा, मागे घ्यायची, चेक नट आवळायचा, गाडी तासभर पळवून तापवायची आणि शेडसमोरच्या मोकळ्या जागेत आठच्या आकड्यात फिरवून बघायची. माझी ही पद्धत पहिल्यापासूनची आहे. आज सकाळी प्रेशर टिकलेले होते. दीड आटा मागे घ्यायचा राहिला होता.

कंपनीत प्रेसवर काम चालू असले की लाल टॅग लावतात. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने हात लावला तर नोकरी जाते. आमच्या शेडमध्ये कसला टॅग आणि कसले काय. मी स्टिअरिंगला लाल चिंधी बांधतो. चिंधी आहे तोवर गाडी द्यायची नाही, हे मला माहीत आहे आणि अजिंक्यला माहीत आहे. गाडीवाल्यांना ते मी कधी सांगितलेले नाही. सांगायची गरज वाटली नाही.

आज सकाळी सव्वाआठला बबनराव आई आणि मुलीला घेऊन रिक्षाने आले. घाटावरच्या गावी त्यांचे कुलदैवत आहे, तिथे जायचे होते. मी दहाची वेळ दिली होती. शनिवारी नऊला राहुकाळ लागतो, त्याच्या आत निघायचे, असे शालनबाईंचे म्हणणे होते. त्यांनी पिशवीत नारळ, झेंडूची माळ, चार लिंबे, हळदकुंकू असे सगळे आणले होते. काम राहिले आहे असे मी सांगितले. त्यानंतर मी कामानिमित्त थोडा वेळ बाहेर गेलो.

मी परत आलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. गाडी जागेवर नव्हती. फरशीवर चार लिंबे चिरडलेली होती. पूजेत चाकांखाली ठेवलेली लिंबे गाडी निघाली की फुटतात. अजिंक्य नारळाचे खोबरे खात उभा होता. त्याने मला प्रसाद पुढे केला. मी त्याला विचारले, "चिंधी होती ना?" तो म्हणाला, "न्हाई काका, चिंधी नव्हती. मी बघूनच किल्ली दिली. माळ होती फक्त."

चिंधी बाकावर मिळाली. नीट घडी घातलेली होती. पूजेच्या वेळी स्टिअरिंगला फडके बरे दिसत नाही म्हणून शालनबाईंनी ती सोडली आणि त्या जागी माळ बांधली असणार. त्या वेळी अजिंक्य ऑइलचे हात धूत होता. मॅडमनी विचारले की शालनबाईंचा हलगर्जीपणा असे लिहायचे का. नाही लिहायचे. त्यांच्या घरची गाडी, त्यांनी फडके काढून फुले बांधली. यात त्यांचे काय चुकले?

मी लगेच बबनरावांना फोन केला. त्यांनी उचलला. गाडी परत आणा असे मी सांगितले. त्यांनी नकार दिला. पूजेनंतर गाडी त्याच दारात परत न्यायची नसते, असे त्यांच्या आईंचे म्हणणे पडले. त्यानंतर मी व अजिंक्यने मिळून सतरा फोन केले. आधी ते उचलत नव्हते, नंतर फोन लागत नाही असे येऊ लागले. सायलीचा नंबर अजिंक्यने एका मित्राकडून मिळवला, तोही लागत नाही. म्हणून ठाण्यात आलो.

(१०.२१ वा. वायरलेसवर निरोप आल्याने जबाब थांबवला. पुढचा मजकूर १०.२६ वा. पासून.)

निरोप असा की राजगुरुनगरच्या पुढच्या नाक्यावर अशी गाडी दिसलेली नाही. ती आधीच निघून गेली असावी. पायथ्याच्या दूरक्षेत्रात एकच अंमलदार हजर आहेत, ते मोटरसायकलवर घाटाकडे निघाले आहेत. याचा अर्थ असा की गाडी पायथा सोडून वर गेली असेल, नसेल, किंवा जायचे ते कधीच गेली असेल. मॅडम मला म्हणाल्या, "काका, घाबरू नका, पाणी घ्या." मी म्हटले, घाबरलो आहे, तसेच लिहा. टेबलाखालून बुटाचा आवाज येतो आहे तो माझाच आहे.

मला वर दोन ठिकाणी दुरुस्ती करायची आहे. खोडू नका, तसेच राहू द्या, खाली लिहा.

मी कामानिमित्त बाहेर गेलो होतो असे वर लिहून दिले, ते खोटे आहे. काही काम नव्हते. शालनबाई म्हणाल्या होत्या, "आवो मिस्त्री, तीन दिस झालं, येवढं काय करताय? पोरं बी येवढ्यात दोन गाड्या उघडून जोडत्याली." त्यावर बबनराव हसले आणि सायलीही हसली. मला राग आला. चौतीस वर्षे तीनशे टनाचे प्रेस सांभाळले आहेत मी, आणि मला या बाई मिस्त्री म्हणतात, माझ्या कामापेक्षा लिंबांना जास्त किंमत देतात, असे मनात आले. वास्तविक त्या चेष्टेने बोलल्या होत्या. मी पाना बाकावर आपटला आणि म्हणालो, "करा तुमची पूजा. माझे काम झाल्याशिवाय गाडी हलणार नाही." आणि मागच्या टपरीवर जाऊन बसलो. अजिंक्य तेव्हा शेडमध्ये नव्हता, त्याने हे ऐकले नाही. दोन चहा घेतले. राहुकाळ लागू दे, बसू दे ताटकळत, असा माझा विचार होता. दीड आटा मागे घ्यायला चार मिनिटे लागतात. मी पंचेचाळीस मिनिटे टपरीवर रुसून बसलो होतो. टपरीवरून शेडचा मागचा भागच दिसतो, गाडी निघाली ते मला कळलेही नाही.

दुसरी दुरुस्ती फोनची आहे. गाडी परत आणा असे सांगितले, असे मी वर म्हटले. मी जे बोललो ते शब्दशः असे होते: "बबनराव, थोडेसे काम राहिले आहे. जमले तर गाडी परत आणा." ते म्हणाले, "काका, आई न्हाई म्हणती. नारळ फोडून निघालेली गाडी मागारी वळवायची न्हाई म्हणती. लई अर्जंट हाय का?" मी म्हणालो, "तसे अर्जंट नाही." मॅडम, हे लिहा. त्यांनी मला विचारले होते आणि मी अर्जंट नाही म्हणालो. काम अर्धे ठेवून मी चहा पीत होतो हे त्यांना कळू नये, एवढेच त्या वेळी माझ्या डोक्यात होते. ते म्हणाले, "मग उद्या आणतो." मी बरे म्हणालो. फोन ठेवला आणि पाइप सायलेन्सरजवळून गेला आहे हे आठवले. तेव्हापासून फोन लागलेला नाही.

अजिंक्य शेजारच्या बाकावर बसलेला आहे. हे ऐकून त्याने मान खाली घातली.

(१०.४८ वा. जबाब थांबवला. ११.३१ वा. पुन्हा सुरू. मधल्या वेळात जे घडले ते मी सांगतो त्याप्रमाणे लिहिले आहे.)

१०.४८ ला मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला. घाटात गेलेले अंमलदार बोलत होते. गाडी मिळाली. घाटातल्या पाचव्या वळणावर ती सरळ जाऊन कठड्यावर आदळली होती. कठडा फुटला होता आणि पुढचे डावे चाक दरीवर अधांतरी होते. बबनराव त्यांच्या बाजूने बाहेर पडले होते, त्यांचे उजवे मनगट मोडले असावे. सायली मागच्या फळीवरून उतरली होती. शालनबाई पुढच्या डाव्या सीटवर तशाच बसून होत्या. त्यांचे दार दरीवर उघडते. मधून ओलांडून यावे तर त्या हलल्या की गाडी पुढे झुकत होती आणि कठड्याचे दगड खाली जात होते. समोरची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि त्या ती सोडत नव्हत्या. क्रेन यायला सव्वा तास लागणार होता. दुधाचा एक टेम्पो थांबला होता, पण त्याच्याकडे दोर नव्हता.

हे ऐकून मी उठून उभा राहिलो. मी मॅडमना म्हणालो, मला फोन द्या. अंमलदारांनी तिकडे फोन सायलीच्या हातात दिला. मॅडमनी स्पीकर लावला.

सायली रडत होती. म्हणाली, "काका, पप्पा म्हणतात त्या लॉकमुळेच गाडी अडकलीये. ते डाव्या हाताने खालचा नट सोडून ऑइल काढून टाकतायत, म्हणजे लॉक मोकळा होईल." मी ओरडलो, "नाही! हात लावू नका म्हणावं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की ठाण्यातली सगळी माणसे वळून बघू लागली. कारण पुढचे डावे चाक अधांतरी म्हणजे मागचे उजवे चाक हलके झालेले असणार. लॉक सुटला की सगळा जोर त्या हलक्या चाकात जाणार, ते नुसते जागेवर फिरणार आणि गाडी हिसका खाऊन पुढे जाणार. गाडी मागे ओढायची तर मागच्या दोन्ही चाकांनी एकत्र ओढले पाहिजे. ज्या लॉकने त्यांना तिथे नेले होते, तोच त्यांना मागे आणू शकत होता. दुसरे काही नव्हते.

मी विचारले, "लॉकचा लिव्हर, लाल मुठीचा, हलतो का? बाहेरूनच हात घालून बघ." ती म्हणाली, "हलतच नाहीये, काका. दगडासारखा झालाय." म्हणजे प्रेशर पूर्ण होते. मी नव्याने टाकलेले सील पकडून होते. ते तसेच पकडून राहील की नाही, हे मला माहीत नव्हते. पाइप गार होत चालला होता. मी तिला तसे सांगितले नाही. मी म्हणालो, "उत्तम आहे. आता मी सांगतो तेवढेच कर."

अंमलदार आणि टेम्पोतले दोघे यांना मागच्या बंपरवर चढून उभे राहायला सांगितले. बबनरावांना मागच्या चाकांच्या पुढे दगड लावायला सांगितले. सायलीला म्हणालो, तू ड्रायव्हरच्या सीटवर बस, पण एकदम बसू नकोस, वजन हळूहळू टाक. ती बसली. गाडी कुरकुरल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. शालनबाई म्हणत होत्या, "पोरी, तू उतर. माझं काय व्हायचं ते व्हईल, तू उतर." सायली म्हणाली, "आज्जी, गप्प बस आणि धरून ठेव."

मी म्हणालो, क्लच दाब. इंजिन चालू कर. फोर बाय फोरचा छोटा लिव्हर लो ला टाक. स्टिअरिंग सरळ आहे का बघ. आता रिव्हर्स टाक. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. क्लच अगदी हळू सोड, गाडीला ताण आला असे वाटले की मग हँडब्रेक सोड. ती हो हो म्हणत होती. मग ती काही म्हणेनाशी झाली. इंजिनचा आवाज खाली गेला, दगड घसरल्याचा आवाज आला, कोणीतरी पुरुष "ए ए ए" असा ओरडला आणि फोन कट झाला. तेव्हा ११.०९ झाले होते.

पुन्हा फोन लावला तर लागला नाही. मॅडमनी तीन वेळा लावला. वायरलेसवर विचारले, तिकडे कोणालाच काही माहीत नव्हते. अजिंक्यने माझा हात धरला होता. तो म्हणाला, "काका, बसा." मी बसलो नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मी देवाचे करत नाही. त्या वेळी मी काय काय बोललो ते जबाबात नको.

११.२२ ला फोन आला. बबनराव बोलत होते. गाडी मागे आली होती. त्यांच्या आई रस्त्याच्या आतल्या बाजूला डोंगराला टेकून बसल्या होत्या, त्यांना काहीही लागलेले नव्हते. सायलीही ठीक होती. मी मॅडमच्या खुर्चीतच बसलो. बबनराव रडत होते. ते म्हणाले, "काका, चूक माझी हाय. वळणावर माझा स्पीड जास्त हुता. गाडी ऐकंना म्हणून मी घाबरलो, ब्रेक बी नीट दाबला न्हाई. तुमचा लॉक नसता तर आज आई गेली असती. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

मग त्यांनी फोन आईंना दिला. शालनबाई म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या हाताला यश हाय बाबा. मगाशी वंगाळ बोलले, राग मानू नगा. आता गावात जो त्यो गाडी घेऊन येईल, त्याला तुमच्याकडंच धाडीन."

मला बोलायचे होते. चूक माझी आहे हे सांगायचे होते. मी एवढेच म्हणालो, "गाडी चालवून आणू नका. तिथेच ठेवा. हळू या." आणि फोन मॅडमना परत दिला. मला ते जमले नाही. दुसऱ्यांदा जमले नाही.

त्यानंतर मॅडम म्हणाल्या की गाडी मिळाली, माणसे सुखरूप आहेत, गाडीमालकाची काही तक्रार नाही, ते तर चूक स्वतःची म्हणतात. तेव्हा माहिती मिळाली व मदत केली एवढी नोंद पुरेशी आहे, हा जबाब पुरा करायचा की नाही ते तुम्ही सांगा. त्यांनी कीबोर्डवरून हात काढले होते.

अजिंक्य मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, राहू द्या ना आता. गाडी आपणच टोइंग करून आणू, दीड आटा मागं घेऊ, संपलं. कुणाला काय कळतंय? शेड आत्ता कुठं चालायला लागलंय." तो वाईट मुलगा नाही. त्याने किल्ली दिली म्हणून त्यालाही भीती वाटते आहे. मी त्याला सांगितले की तू चिंधी बघितलीस, नव्हती, तू किल्ली दिलीस, तुझे काम तू केलेस. त्याच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही.

पण बबनराव आता घरी जातील. हाताला प्लास्टर असेल. आपण वळणावर जोरात होतो, आपल्यामुळे आई दरीवर लटकली, हे ते रोज स्वतःला सांगत बसतील. पोरगी ऐकेल, आई ऐकेल. आणि मी त्यांच्या घरचा प्रसाद खायचा आणि हाताला यश आहे म्हणून मिरवायचे. हे व्हायला नको. गाडीचा वेग किती होता ते मला माहीत नाही, पण वेग काहीही असता तरी त्या वळणावर ती गाडी वळली नसती. ते सांगणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. म्हणून जबाब पुरा करून घ्यावा असे मी मॅडमना सांगितले.

माझी तक्रार कोणाविरुद्धही नाही. माझ्याविरुद्ध काय कारवाई बसते ते कायद्याप्रमाणे करावे. गाडी पंचनामा होईपर्यंत कोणी उघडू नये, मीसुद्धा नाही. पंपाच्या दांडीला प्ले शून्य मिळेल.

हा जबाब मी सांगितला तसाच टाइप केला आहे. मॅडमनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मला मोठ्याने वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी दिसत नाही, पण ती माझीच आहे. बबनराव शेवकरी यांना समोर बसून हे सांगणे माझ्याच्याने होणार नाही, हे मी आज दोनदा बघितले. तरी ते ठाण्यात येतील तेव्हा त्यांना, त्यांच्या आईंना आणि मुलीला हा जबाब असाच मोठ्याने वाचून दाखवावा. मी त्या वेळी त्याच खोलीत बसून राहीन.

समक्ष,
(सही) हरिहर गजानन सोहोनी
वेळ दुपारी १२.०४ वा.